पाठवणारा कोण?

गेल्या गळीत हंगामात अंकुशनगरला एका ओळखीच्या घरी गेलो होतो. घरमालकांचं कारखान्याच्या रस्त्याला वेल्डिंगचं दुकान आहे. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या आणि गाड्यांची मोडतोड ते दुरुस्त करतात. चहा झाल्यावर त्यांनी कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. "सर, ये जरा पढके बताओ. सब ठीक है ना?"

पिशवीत रशियातल्या एका विद्यापीठाचं प्रवेशपत्र होतं, अर्धं इंग्रजीत आणि अर्धं रशियनमध्ये. मोठा मुलगा एमबीबीएसला निघाला होता. घरात आनंद होता, आणि तो रास्तच होता. या घरातून दहावीच्या पुढे गेलेला तो पहिलाच.

मी कागद वाचून दाखवला आणि मग विचारत गेलो. शहर कोणतं, आणि ते मॉस्कोपासून किती लांब? विमानतळावर घ्यायला कोण येणार? विमा कोणत्या कंपनीचा, आणि आजारपणात तो किती देणार? मुलगा दवाखान्यात पडला तर विद्यापीठ कुणाला फोन करणार, आणि कोणत्या भाषेत? एजंटची नोंदणी कुठे आहे? त्याच्याशी लेखी करार झाला आहे का? काही बिनसलं तर परतीच्या तिकिटाचे पैसे कुठे ठेवलेत?

यांपैकी एकाचंही उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. त्यांना पक्कं ठाऊक होतं ते एवढंच की पहिला हप्ता किती आणि कोणत्या तारखेपर्यंत भरायचा. "बाकी सगळं एजंट बघतो," ते म्हणाले. एजंटचं कार्ड पिशवीत होतं. त्यावर मोबाइल नंबर होता, पत्ता नव्हता.

खिडकीतून कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या दिसत होत्या, पलीकडे टोळ्यांच्या कोप्या. आपल्या भागातल्या कोणत्याही कोयत्याला विचारा: मुकादम कोण, गाव कोणतं, उचल किती, कारखाना कोणता, पोरगं आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं? तो सगळं सांगेल. ऊसतोडीच्या व्यवस्थेत शोषण किती आहे, हे अंबड तालुक्यातल्या माणसाला शिकवायला नको. तिचं कौतुक मी करत नाही. पण त्या व्यवस्थेतही पाठवणारा कोण हे माहीत असतं. भांडायला एक दार असतं. सहा वर्षांसाठी परदेशी निघालेल्या अठरा वर्षांच्या मुलाला तेवढंही दार नाही. त्याला कुणी पाठवतच नाही. तो फक्त जातो.

चार हात लागतात, जबाबदारी कुणाचीच नाही

अमेरिकेतलं किंवा ब्रिटनमधलं विद्यापीठ आपल्या विद्यार्थ्याला एका सत्रासाठी परदेशी पाठवतं, तेव्हा तो त्यांचाच विद्यार्थी राहतो. त्या देशाबद्दलच्या सरकारी सूचना विद्यापीठ तपासतं, निघण्यापूर्वी वर्ग घेतं, विमा उतरवतं, चोवीस तास चालू राहणारा फोन ठेवतं आणि वेळ आली तर कार्यक्रम रद्दही करतं. हा निव्वळ चांगुलपणा नाही, कोर्टाचाही धाक आहे. कनेक्टिकटमधल्या हॉचकिस स्कूलने २००७ साली मुलांना चीनमध्ये नेलं होतं. तिथे एका विद्यार्थिनीला गोचिडीच्या चाव्यातून मेंदूज्वर झाला आणि तिची वाचा गेली. कीटकांपासून असलेल्या धोक्याची पुरेशी सूचना शाळेने दिली नव्हती, म्हणून ज्यूरीने ४ कोटी १५ लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली. अशा धोक्याबद्दल सावध करणं हे शाळेचं कर्तव्यच आहे, असं त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. तिथे गोचिडीच्या एका चाव्याचाही जाब विचारता आला, कारण मुलीला पाठवणारी एक संस्था होती.

आपल्या मुलाला चार हात लागतात. कनिष्ठ महाविद्यालय दाखला देऊन मोकळं होतं. एजंट पैसे घेऊन कागद करतो. विमानतळावर पासपोर्टवर शिक्का बसतो. परदेशी विद्यापीठ फी घेतं. यातल्या कुणीही "हा आमचा" असं म्हणत नाही.

दहावी पास, म्हणून वाऱ्यावर

आपल्यातले किती तरी लोक आखातात कामाला जातात. तिकडच्या हालअपेष्टा आपल्याला माहीत आहेत. पण कागदावर का होईना, त्यांच्यासाठी १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. त्यांना नेणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, बँक हमी ठेवावी लागते, आणि मजुराकडून किती शुल्क घ्यायचं याला मर्यादा आहे. दहावीपेक्षा कमी शिकलेल्या मजुराला ठराविक देशांत जाताना सरकारी मंजुरी लागते आणि प्रवासी भारतीय विमा योजनेखाली दहा लाखांचा विमा सक्तीचा आहे. मंजुरीशिवाय गेलेले, फसलेले पुष्कळ आहेत. तरी तक्रार कुठे करायची, हे सांगता येतं.

विद्यार्थी या कायद्यात बसत नाही, कारण कायद्याच्या लेखी नोकरीसाठी जातो तोच उत्प्रवासी. शिवाय दहावी पास झालेल्याच्या पासपोर्टला त्या मंजुरीची गरज नसते. शिकलेला माणूस स्वतःचं बघून घेईल, असं यामागे गृहीत धरलेलं आहे. अठरा वर्षांचा मुलगा, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेला, रशियन येत नाही, इंग्रजी जेमतेम, तो कुणाच्या भरवशावर स्वतःचं बघून घेणार? वेल्डिंग करणारा बाप स्वतः दुबईला निघाला असता तर सरकारने त्याच्या एजंटला नोंदणी विचारली असती. मुलाच्या एजंटला कुणी काही विचारत नाही.

त्या पोकळीत काय शिरतं, तेही दिसलं आहे. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने काही एजंटांवर गुन्हा नोंदवला. नोकरीच्या आणि शिक्षणाच्या आमिषाने तरुणांना रशियात नेलं आणि त्यातल्या काहींना युक्रेनच्या आघाडीवर ढकललं, असा तो आरोप आहे. काही विद्यार्थ्यांना भलत्याच खासगी विद्यापीठांत प्रवेश दिल्याचंही त्या तपासात पुढे आलं.

युद्धापेक्षा नदी जवळ असते

परदेशातला धोका म्हटलं की आपल्याला बॉम्ब आठवतो. आकडे वेगळं सांगतात. जुलै २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने लोकसभेत माहिती दिली की मागच्या पाच वर्षांत ६३३ भारतीय विद्यार्थी परदेशात मरण पावले. त्यांपैकी हल्ल्यात गेलेले १९. बाकीच्यांच्या मागे अपघात, आजार आणि इतर कारणं. एकट्या रशियातला आकडा ३७ होता.

आकडा लांबचा वाटत असेल तर जून २०२४ आठवा. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातले चार वैद्यकीय विद्यार्थी रशियात वेलिकी नोवगोरोदजवळ वोल्खोव नदीत बुडाले. पाचव्या मुलीला वाचवता आलं. ही मुलं खानदेशातल्या आपल्यासारख्याच घरांतली होती. त्यानंतर मॉस्कोच्या भारतीय दूतावासाने पाण्याजवळ काळजी घेण्याची सूचना विद्यार्थ्यांसाठी काढली.

त्या मुलांना किंवा त्यांच्या आई-वडिलांना दोष देणारा माणूस मी नाही, आणि तसं बोलणाऱ्याला मी आपल्यातला मानत नाही. मला एवढंच विचारायचं आहे की ती सूचना निघण्याच्या आधी, आपल्याच भाषेत, कुणीतरी समोर बसवून द्यायची की नाही? तिकडे उन्हाळ्यातही नदीचं पाणी थंड असतं आणि आतून ओढ असते. विहिरीत किंवा गोदावरीच्या डोहात पोहणारा मुलगाही त्यात गारठतो. बर्फात रस्ता ओलांडणं, बंद खोलीतला हीटर, रात्रीचं एकटं फिरणं, महिनोन्महिने सूर्य न दिसल्याने मन खचणं, हे सगळं समजावून सांगायला एक दिवस पुरतो. तो एक दिवस आपण काढत नाही. हार घालायला मात्र संध्याकाळ काढतो.

थांबायचं की निघायचं, हे कोण ठरवणार?

युक्रेनच्या वेळी काय झालं ते बारकाईने बघायला हवं, कारण धडा त्यातच आहे. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी कीव्हच्या भारतीय दूतावासाने सूचना काढली की ज्यांचं राहणं गरजेचं नाही, त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं बाहेर पडावं. विद्यार्थी मात्र अडकले, कारण वर्ग चालू होते. गैरहजेरी लागली तर वर्ष जाईल ही भीती होती, आणि तिकिटं परवडत नव्हती. २२ फेब्रुवारीला दूतावासाला पुन्हा सांगावं लागलं की ऑनलाइन वर्गांबद्दल विद्यापीठाच्या उत्तराची वाट बघू नका, निघा. २४ तारखेला युद्ध सुरू झालं. १ मार्चला कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्याचा एक विद्यार्थी खारकिव्हमध्ये खाण्याचं सामान आणायला बाहेर पडला असता मारला गेला. पुढे 'ऑपरेशन गंगा'मधून सुमारे २२,५०० भारतीय परत आले, त्यांत बहुतेक विद्यार्थी होते. त्याबद्दल सरकारी यंत्रणेचे आभार मानायलाच हवेत.

पण १५ ते २४ फेब्रुवारी या नऊ दिवसांत प्रत्येक मुलगा एकटा निर्णय घेत होता. एकीकडे जीव आणि दुसरीकडे वर्ष, फी, बापाचं कर्ज. हजारो मुलांच्या डोक्यावर तो निर्णय टाकणं हीच मोठी चूक होती. पाठवणारी संस्था असती तर तिने सोळा तारखेला विद्यापीठाशी बोलून ऑनलाइन वर्ग मागितले असते आणि एकगठ्ठा तिकिटं काढली असती.

यात आपल्या नियमांचाही वाटा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा २०२१ चा नियम सांगतो की किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि नंतरची बारा महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत झाली पाहिजे. बोगस पदव्यांना आळा बसावा म्हणून हा नियम असेल, तर त्याला विरोध नाही. पण त्यात युद्ध, दंगल, साथ यांसाठी दार ठेवलं नाही, तर तोच नियम मुलाला धोक्याच्या जागी बांधून ठेवतो. युक्रेनच्या मुलांना सवलत मिळाली ती महिनोन्महिने फरफट झाल्यावर. मे २०२४ मध्ये बिश्केकला जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. जून २०२५ मध्ये इराणमधून विद्यार्थ्यांना आर्मेनियामार्गे बाहेर काढावं लागलं. यापुढेही असं घडणार. दार आधीच ठेवा, एवढं मागणं आहे.

आपल्याला हे जमतं

आता आपल्याकडे वळू. सरकारला बोल लावणं सोपं आहे, त्यातून आपली सुटका होत नाही.

"अल्लाह मालिक है" असं म्हणून आपण मुलाला विमानात बसवतो. मग हजला जाणाऱ्या आजीला असंच पाठवतो का? नाही. हज कमिटीकडे अर्ज होतो, कुर्रा लागतो, जिल्ह्यात प्रशिक्षण शिबिर होतं, लस टोचली जाते. खासगी टूरवाला असेल तर त्याची सरकारकडे नोंदणी लागते. दीडशे-दोनशे यात्रेकरूंमागे एक माणूस सोबत जातो, त्याला आपण वर्षानुवर्षं खादिम म्हणत आलो. हातात ओळखीचा पट्टा असतो. तिकडे भारतीय डॉक्टरांचं पथक असतं. आणि आपल्याच गल्लीतले लोक आजीला सांगतात, औषधं कुठे ठेवायची, हरवलात तर काय म्हणायचं. ही सगळी काळजी सुमारे चाळीस दिवसांच्या प्रवासासाठी. यात कुणी म्हणत नाही की तवक्कुल कमी पडला.

चाळीस दिवसांसाठी जे करतो ते सहा वर्षांसाठी का करत नाही? माणसं तीच, हॉल तोच, खुर्च्याही त्याच. उणीव आहे ती फक्त हे आपलं काम आहे असं वाटण्याची.

दुसरी गोष्ट पैशाची. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, पण जागा शंभर. खासगीची फी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज सवलत देणारी केंद्राची 'पढो परदेस' योजना २०२२ मध्ये बंद झाली. म्हणून शेत विकलं जातं, सोनं गहाण पडतं, सासर-माहेरच्यांकडून उसनवारी होते. बँक असती तर तिने निदान संस्था खरी की खोटी हे तपासलं असतं. उसनवारीत तेही होत नाही. आणि इतक्या लोकांचे पैसे डोक्यावर असलेला मुलगा फोनवर "सब ठीक है" याशिवाय काही बोलूच शकत नाही. त्याला ताप असो, मारहाण झालेली असो, वर्ष गेलेलं असो, तो सांगत नाही. परदेशात माझ्या मते सगळ्यात मोठा धोका हाच, की मुलाला परत येण्याची मुभा नसते. म्हणून म्हणतो, घरच्यांनी एका परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे काढावेत आणि त्यांना हात लावू नये. मुलाला निघताना तोंडाने सांगावं, "हे तुझे. कधीही ये, का आलास म्हणून कुणी विचारणार नाही."

"मग मुलींना पाठवूच नका"

हे लिहिताना मला एक उत्तर आधीच ऐकू येतंय. "इतका धोका आहे ना? मग पोरींना तरी घरी ठेवा." सुरक्षिततेचं बोलणं सुरू झालं की ते शेवटी मुलींच्या शिक्षणावर येऊन आदळतं, हा आपला जुना अनुभव आहे. म्हणून स्पष्टच लिहितो. हा लेख कुणाला थांबवण्यासाठी नाही. ज्या घराला माहिती नसते तेच घर घाबरून मुलीला थांबवतं. वसतिगृहाचा पत्ता हातात असेल, तिथे शिकणाऱ्या दोन सीनियर मुलींचे नंबर असतील, विमा असेल, दूतावासात नोंद असेल, तर आईच्या "नको"चं "जा" होतं. आणि ज्याला धोका म्हणून मुलीला थांबवायचं आहे, त्याने मुलाला तरी काय बघून पाठवलं, ते आधी सांगावं.

मागणं काय?

राज्य सरकारकडे: परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या आणि प्रवेश करून देणाऱ्या प्रत्येकाला परवाना सक्तीचा करा. पंजाबने २०१२ साली प्रवास आणि सल्लागार एजंटांसाठी कायदा केला, तशा धर्तीचा कायदा महाराष्ट्रात हवा. करार मराठीत आणि उर्दूत लिहून द्यावा. प्रत्येक रुपयाची पावती द्यावी. विद्यापीठाकडून किती कमिशन मिळतं, तेही कागदावर यावं.

जिल्हाधिकारी कार्यालयाकडे: युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर विद्यार्थ्यांची नावं गोळा करावी लागली. ती यादी आधीच तयार ठेवा. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल २०१५ पासून आहे. त्यावर नोंद करून देण्याचं काम तालुक्याच्या सेतू केंद्रात व्हायला काय हरकत आहे?

वैद्यकीय आयोगाकडे: संकटात परतलेल्या विद्यार्थ्याच्या बदलीचा आणि ऑनलाइन काळाचा नियम संकट येण्यापूर्वी लिहून ठेवा.

आणि आपल्या जमातींकडे, संस्थांकडे: दरवर्षी एक दिवसाचं शिबिर घ्या. सुट्टीवर आलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना बोलायला बसवा. कोणत्या देशातल्या कोणत्या शहरात आपली किती मुलं आहेत, त्याची वही ठेवा, आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाला फोन करणारा एक माणूस नेमा. मदत देताना विम्याचा कागद आणि परतीची रक्कम या दोन अटी घाला. सत्काराचा बॅनर छापण्याआधी वरचे सात प्रश्न विचारा.

त्या संध्याकाळी अंकुशनगरला आम्ही ते प्रश्न वहीच्या पानावर लिहिले. वडिलांनी तिथूनच एजंटला फोन लावला, स्पीकरवर. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली. तिसऱ्याला तो अडखळला. पाचव्याला चिडून म्हणाला, "भाई, इतने सवाल आजतक किसीने नहीं पूछे."

खोटं बोलला नाही तो. आजवर त्याला कुणी विचारलंच नव्हतं. वडिलांनी पान घडी करून पिशवीत ठेवलं आणि म्हणाले, "सातही उत्तरं लिहून आल्याशिवाय हप्ता भरत नाही." मुलगा हिरमुसला, आईला हायसं वाटलं. आपल्या जिल्ह्यात अशा पिशव्या किती कपाटांत असतील? प्रत्येकीत ते पान गेलं पाहिजे, आणि एजंटने फोन ठेवून दिला तर पुढचा फोन लावायला आपण तिथे असलो पाहिजे.